विमा नसलेले वाहन आणि त्याची किंमत : रायपूरच्या निमित्ताने एक अभ्यास

छत्तीसगढची राजधानी रायपूर ही मुंबई आणि कोलकाता यांना जोडणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर वसलेली आहे. पूर्वी क्रमांक ६ म्हणून ओळखला जाणारा हा मार्ग आता क्रमांक ५३ ने ओळखला जातो. नागपूरहून निघालेला मालमोटारींचा ओघ राजनांदगाव, दुर्ग, भिलाई अशी गावे मागे टाकत टाटीबंध चौकातून शहरात शिरतो. सिलतरा आणि उरला या औद्योगिक वसाहतींतील पोलाद-लोखंडाची वाहतूकही याच परिसरातून होते. त्याच रस्त्यांवरून आसपासच्या खेड्यांतील मजूर मोटारसायकलने, ऑटोरिक्षाने किंवा पिकअपच्या उघड्या हौद्यात उभे राहून शहरात येतात. महाराष्ट्रातील वाचकाला सवयीची असलेली राज्य परिवहन महामंडळाची एसटी या राज्यात नाही. बससेवा खासगी आहे. जिथे बस पोहोचत नाही तिथे मालवाहू गाडी हेच प्रवासाचे साधन बनते.

या परिस्थितीची किंमत अधूनमधून ठळक मथळ्यांतून दिसते. मे २०२४ मध्ये कबीरधाम जिल्ह्यातील बाहपानीजवळ तेंदूपत्ता तोडून परतणाऱ्या आदिवासी मजुरांचे पिकअप वाहन दरीत कोसळून १९ जणांचा मृत्यू झाला. मे २०२५ मध्ये रायपूर-बलौदाबाजार मार्गावर सारागावजवळ छठीच्या कार्यक्रमाहून परतणाऱ्या कुटुंबीयांच्या मालवाहू गाडीची ट्रेलरशी टक्कर होऊन १३ जण दगावले. अशा घटनांनंतर चर्चा होते ती वेग, चालकाची चूक आणि रस्त्याची अवस्था यांची. अपघातानंतरच्या वर्षांत त्या कुटुंबांचा खर्च कोण उचलणार, हा प्रश्न मात्र विम्याच्या कागदावर अवलंबून असतो. तो कागद नसेल, किंवा असूनही लागू होत नसेल, तर काय होते याचा विचार अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने करणे आवश्यक आहे.

सक्ती कशासाठी?

सर्वसाधारण विमा ऐच्छिक असतो. घराला आग लागण्याची भीती वाटणारा विमा घेतो, न वाटणारा घेत नाही. नुकसान झाले तर ते त्याचे त्यालाच सोसावे लागते. वाहनाच्या बाबतीत हा युक्तिवाद लागू पडत नाही, कारण वाहनचालकाच्या चुकीचे नुकसान बहुतांशी दुसऱ्याला सोसावे लागते. अर्थशास्त्रात याला बाह्यपरिणाम म्हणतात. चालकाजवळ पुरेशी मालमत्ता असेल तर न्यायालय त्याच्याकडून भरपाई वसूल करून हा परिणाम पुन्हा त्याच्याच हिशेबात टाकू शकते. परंतु ज्याच्याजवळ वसूल करण्याजोगे काहीच नाही, त्याच्यावर दायित्व लादून उपयोग होत नाही. असा चालक निर्धास्त राहू शकतो आणि जोखीम पादचाऱ्याच्या वाट्याला येते. सक्तीच्या तृतीय पक्ष विम्याचा पाया हाच आहे.

ब्रिटनमध्ये १९३० च्या कायद्याने ही सक्ती आली. भारतात १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात तिची तरतूद होती, परंतु तिची अंमलबजावणी १ जुलै १९४६ पासून सुरू झाली. सध्याचा कायदा १९८८ चा असून तो १ जुलै १९८९ पासून लागू आहे. त्याच्या कलम १४६ नुसार तृतीय पक्ष विम्याशिवाय कोणतेही वाहन सार्वजनिक ठिकाणी वापरता येत नाही. विमापत्राने कोणती जोखीम उचलली पाहिजे हे कलम १४७ सांगते. येथे विमाधारक हा पहिला पक्ष, विमा कंपनी दुसरा आणि अपघातग्रस्त व्यक्ती तिसरा पक्ष होय. ‘सर्वसमावेशक’ विमापत्रात याशिवाय विमाधारकाच्या स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचाही समावेश असतो. तो भाग ऐच्छिक आहे. परीक्षार्थींकडून या दोहोंत नेहमी गल्लत होते.

एका दाव्याचा हिशेब

विम्याअभावी नेमके किती नुकसान होते हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. भनपुरीजवळ रस्ता ओलांडणारा ३२ वर्षांचा एक मजूर मोटारसायकलच्या धडकेने मरण पावला असे समजू. त्याची मिळकत महिना १०,००० रुपये होती. मागे पत्नी आणि दोन मुले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निर्णयांत घालून दिलेल्या पद्धतीनुसार वार्षिक १,२०,००० रुपयांत भावी उत्पन्नवाढीसाठी ४० टक्के मिळवले की १,६८,००० रुपये होतात. मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी एक तृतीयांश वजा केला की कुटुंबाचे वार्षिक नुकसान १,१२,००० रुपये ठरते. ३१ ते ३५ या वयोगटासाठीचा गुणक १६ आहे. गुणाकार १७,९२,००० रुपये येतो. अंत्यसंस्कार, वारसांचे नुकसान आणि सहजीवनाचा वियोग यांसाठी २०१७ च्या निर्णयातील एकूण ७०,००० रुपये धरले तर रक्कम १८,६२,००० रुपयांवर जाते; या तीन रकमा दर तीन वर्षांनी १० टक्क्यांनी वाढवण्याचे त्याच निर्णयात नमूद आहे.

आता दुसरी बाजू पाहावी. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने १ जून २०२२ पासून लागू केलेल्या दरांनुसार ७५ ते १५० घन सेंटिमीटर क्षमतेच्या दुचाकीचा वार्षिक तृतीय पक्ष हप्ता, कर वगळून, ७१४ रुपये आहे. म्हणजे वरील एका दाव्यासाठी सुमारे २,६०० दुचाकीस्वारांचा वर्षभराचा हप्ता एकत्र यावा लागतो. विमा हा जोखमीच्या एकत्रीकरणाचा व्यवहार आहे, हे वाक्य पाठ्यपुस्तकात असते. २,६०० हा आकडा त्याचा अर्थ सांगतो.

त्या मोटारसायकलला विमा नसेल तर न्यायाधिकरणाचा निवाडा तोच राहतो, फक्त तो मालक आणि चालक यांच्याविरुद्ध असतो. कलम १७४ खाली ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यामार्फत वसूल करता येते. पण मालक स्वतःच रोजंदारीवर जगणारा असेल तर वसूल काय करणार? विधवेच्या हाती साडेअठरा लाखांचा हुकूम असतो आणि रुपया एकही नसतो.

भुर्दंड कोणाकोणावर?

विमा नसलेल्या वाहनाचा पहिला भार अपघातग्रस्तावर पडतो हे वरील उदाहरणावरून दिसते. परंतु प्रामाणिकपणे हप्ता भरणारा वाहनधारकही त्यातून सुटत नाही.

सर्वांत महत्त्वाचा मार्ग संयुक्त निष्काळजीपणाचा आहे. ऑटोरिक्षा आणि मोटारसायकल यांची टक्कर होऊन रिक्षातील प्रवासी दगावला, चूक दोघांची ठरली, रिक्षाला विमा आहे आणि मोटारसायकलला नाही, असे समजू. न्यायाधिकरणाने दोषाची विभागणी रिक्षा २० टक्के आणि मोटारसायकल ८० टक्के अशी केली तरी दावेदाराला संपूर्ण रक्कम दोहोंपैकी कोणाही एकाकडून मागता येते. हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने मे २०१५ मधील निर्णयात स्पष्ट केले आहे. साहजिकच दावेदार विमा कंपनीकडे जातो. कंपनी शंभर टक्के रक्कम भरते आणि उरलेल्या ८० टक्क्यांसाठी मोटारसायकलच्या मालकामागे लागते. ती वसुली झाली नाही की तोटा विमाधारकांच्या सामायिक निधीतून जातो आणि पुढील वर्षांच्या दरनिश्चितीत दाव्यांचे प्रमाण म्हणून उमटतो. पीडितासाठी हा नियम न्याय्यच आहे. परंतु त्याचा खर्च विमा काढणाऱ्यांवर पडतो, न काढणाऱ्यांवर नाही.

दुसरा मार्ग स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा. रायपूरच्या तेलीबांधा चौकात विमा नसलेल्या वाहनाने एखाद्याच्या मोटारीला धडक दिली, तर तिचा मालक दुरुस्तीचा खर्च स्वतःच्या सर्वसमावेशक विमापत्रातूनच मिळवतो. त्यामुळे त्याची ‘नो क्लेम बोनस’ची सवलत जाते. दावा न केलेल्या वर्षांनुसार ही सवलत २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत असते. दोष दुसऱ्याचा आणि वाढीव हप्ता आपला, असा हा प्रकार आहे. केवळ तृतीय पक्ष विमापत्र असेल तर दुरुस्तीचा पूर्ण खर्च खिशातून जातो.

तिसरा मार्ग फसवणुकीचा आहे. अपघात केलेल्या विमाहीन वाहनाच्या जागी कागदोपत्री विमा असलेले वाहन उभे करण्याचे प्रकार घडतात. उत्तर प्रदेशात अशा संशयास्पद दाव्यांच्या चौकशीसाठी २०१५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने विशेष तपास पथक नेमावे लागले होते. विम्याच्या अभावातून विमा व्यवस्थेवरील अविश्वास वाढतो आणि मग खऱ्या दावेदारालाही अधिक पुरावे द्यावे लागतात.

विमा आहे, पण माणूस नाही

रायपूर परिसराच्या दृष्टीने अधिक गंभीर प्रश्न वेगळाच आहे. वाहनाला विमा असूनही त्यातील माणसे विम्याबाहेर असू शकतात.

मालवाहू वाहनाच्या तृतीय पक्ष विमापत्रात मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी यांचा समावेश १९९४ च्या दुरुस्तीने झाला. त्याच गाडीत बसलेल्या इतर प्रवाशांचे काय, याबद्दल १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उदार अर्थ लावला होता. तो डिसेंबर २००२ मध्ये मोठ्या पीठाने रद्द ठरवला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १४७ मध्येच मालवाहू वाहनातील विनामोबदला प्रवासी वगळण्यात आले आहेत. (कायद्याने ‘विनामोबदला’ म्हटलेला हा प्रवासी प्रत्यक्षात अनेकदा भाडे देऊन बसलेला असतो. पण मालवाहू गाडीत भाडे घेणे हा परवान्याचा भंग असल्याने विमा कंपनीला बचावाचे आणखी एक कारण मिळते.)

या नियमाचा परिणाम अपघाताच्या प्रकारानुसार बदलतो. पिकअपला दुसऱ्या वाहनाने धडक दिली आणि दोष त्या दुसऱ्या वाहनाचा असेल, तर पिकअपमधील माणसे त्या वाहनाच्या दृष्टीने तृतीय पक्ष ठरतात आणि त्याच्या विमा कंपनीकडे दावा करता येतो. पिकअप एकटेच उलटले किंवा दरीत कोसळले तर दावा पिकअपच्याच मालकाविरुद्ध राहतो. काही प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने विमा कंपनीला ‘आधी भरा, मग मालकाकडून वसूल करा’ असे आदेश दिले आहेत. २०१७ मधील एका निर्णयात विनामोबदला प्रवाशांनाही तो लाभ मिळाला. तरीही हा न्यायालयाने प्रकरणनिहाय दिलेला दिलासा आहे, विमापत्रातून मिळणारा हक्क नव्हे. तेंदूपत्त्याच्या हंगामात किंवा धानाच्या कापणीला हौद्यात चढणाऱ्या मजुराला हा फरक कोणी सांगितलेला नसतो.

दुचाकीच्या मागे बसणाऱ्याची स्थितीही याहून फारशी निराळी नाही. केवळ कायद्याने आवश्यक तेवढेच संरक्षण देणाऱ्या दुचाकी विमापत्रात मागे बसलेली व्यक्ती येत नाही, असा निर्णय २००६ मध्ये झाला होता. आणि चालवणारा मालक स्वतःच स्वतःसाठी तृतीय पक्ष असू शकत नाही. त्याच्यासाठी १५ लाख रुपयांचे सक्तीचे वैयक्तिक अपघात संरक्षण २०१८ मध्ये आले. देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील आणि जवळपास २० टक्के पादचारी होत्या. रस्त्यावरील मृत्यूचा भार ज्यांच्यावर सर्वाधिक आहे, त्यांचेच विमा संरक्षण सर्वांत विरळ आहे.

विमा का काढला जात नाही?

संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीने २०२४ मध्ये सादर केलेल्या अहवालात देशातील सुमारे ५६ टक्के वाहने विम्याविना असल्याचे नमूद आहे. हा आकडा वापरताना छेदाकडे लक्ष द्यावे. नोंदणीच्या अभिलेखात भंगारात गेलेली, अंगणात गंजत पडलेली वाहनेही जिवंत असतात. त्यामुळे रस्त्यावर प्रत्यक्ष धावणाऱ्या वाहनांत हे प्रमाण कमी असणार. तरीही ते नगण्य नाही.

कारणांपैकी पहिले दंडाच्या गणिताचे आहे. १ सप्टेंबर २०१९ पासून कलम १९६ खाली पहिल्या गुन्ह्याला २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही, आणि पुढील गुन्ह्याला ४,००० रुपये दंड अशी तरतूद आहे. पूर्वी दंडाची कमाल मर्यादा १,००० रुपये होती. गॅरी बेकर यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या विचारानुसार संभाव्य गुन्हेगार दंडाच्या रकमेला पकडले जाण्याच्या शक्यतेने गुणतो. ७१४ भागिले २,००० म्हणजे ०.३६. वर्षात पकडले जाण्याची शक्यता ३६ टक्क्यांहून कमी वाटली, तर केवळ पैशांच्या हिशेबात विमा न काढणेच स्वस्त पडते. या गणितात मरणाऱ्या पादचाऱ्याला कुठेच स्थान नाही, हाच बाह्यपरिणामाचा मुद्दा होय.

दुसरे कारण मुदतीचे. बहुतेक दुचाकींचा विमा पहिल्या वर्षानंतर नूतनीकरणाविना राहतो हे लक्षात घेऊन सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०१८ च्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारींना तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकींना पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा झाला. उपाय योग्य होता, परंतु त्याने प्रश्न पुढे ढकलला. त्या पहिल्या दुचाकींची मुदत सप्टेंबर २०२३ पासून संपू लागली. पाच वर्षांची दुचाकी अनेकदा दुसऱ्या, तिसऱ्या हाती गेलेली असते आणि नोंदणी मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर राहते. अशा स्थितीत नोंदणीकृत मालकच जबाबदार राहतो, हे २०१८ च्या निर्णयाने स्पष्ट केले. गाडी विकून मोकळे झालो असे समजणाऱ्याला न्यायाधिकरणाची नोटीस येते ती यामुळे.

तिसरे कारण पुरवठ्याच्या बाजूचे असून ते बहुधा दुर्लक्षित राहते. तृतीय पक्ष हप्ता शासन ठरवते, दायित्वाला मात्र कमाल मर्यादा नाही. मृत्यूच्या दाव्याची मर्यादा ठरवण्याचा प्रस्ताव २०१६ च्या विधेयकात होता, तो पुढे वगळला गेला. दर खर्चापेक्षा कमी राहिले की कंपन्या जोखमीच्या वाहनांना विमा देण्यास टाळाटाळ करतात. मालमोटारींच्या बाबतीत हे घडल्यामुळेच १ एप्रिल २००७ पासून व्यावसायिक वाहनांसाठी सर्व कंपन्यांचा सामायिक ‘पूल’ स्थापन झाला. त्याचा तोटा इतका वाढला की मार्च २०११ मध्ये विमा नियामकाने कंपन्यांना हप्त्याच्या किमान १५३ टक्के दायित्व गृहीत धरून तरतूद करण्यास सांगितले. शंभर रुपये जमा आणि दीडशेहून अधिक देणे, असा तो व्यवहार होता. पूल मार्च २०१२ अखेर बंद झाला आणि दरांत वाढ झाली. स्वस्त विमा आणि सहज मिळणारा विमा या दोन गोष्टी एक नाहीत, हा धडा त्यातून मिळतो.

अमेरिकेतील अनुभव या ठिकाणी उपयुक्त आहे. तेथे विमा नसलेल्या चालकापासून स्वतःचे संरक्षण करणारे विमापत्र विकत मिळते आणि त्याचा खर्च विमाधारकाच्या हप्त्यात सरळ दिसतो. एरिक स्मिथ आणि रँडल राइट या अर्थशास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये फिलाडेल्फिया शहरातील महागड्या विम्याचे विश्लेषण केले. विमाहीन चालक जास्त असले की हप्ता वाढतो, हप्ता वाढला की आणखी चालक विमा सोडतात, आणि शहर महाग विम्याच्या समतोलात अडकून पडते. शेजारचे शहर मात्र स्वस्त समतोलात राहू शकते. भारतात दर देशभर सारखा आणि शासननिर्धारित असल्याने रायपूरचा हप्ता असा उसळत नाही. येथे दराऐवजी पीडिताची भरपाई आकुंचन पावते. अमेरिकेत हा भार विमाधारकाच्या बिलात दिसतो. भारतात तो न वसूल झालेल्या निवाड्यांत लपलेला राहतो.

अंमलबजावणी आणि निधी

वाहननोंदणी व विमा यांच्या संगणकीय नोंदी जुळवून तपासणी करणे आता शक्य झाले आहे. शेजारच्या ओडिशाने फेब्रुवारी २०२४ पासून टोलनाक्यांवरील कॅमेऱ्यांच्या साहाय्याने विमा नसलेल्या वाहनांना ई-चलान देण्यास सुरुवात केली. मालमोटारींसाठी हे उपयुक्त आहे. परंतु दुचाकीला टोल नसतो आणि गावातून तालुक्याला जाणारे पिकअप टोलनाक्यावर येतच नाही. जिथे विम्याचा अभाव सर्वाधिक, तिथे कॅमेरा सर्वांत कमी.

ब्रिटनमध्ये विमाहीन वाहनांच्या बळींना भरपाई देणारी मोटार विमा कंपन्यांची सामायिक संस्था १९४६ पासून कार्यरत आहे. तिचा खर्च विमा कंपन्या आणि पर्यायाने विमाधारक उचलतात. भारतात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १६४-ब खाली मोटार वाहन अपघात निधीची तरतूद झाली आणि त्याचे नियम २०२२ मध्ये आले. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या योजनेनुसार अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोकडरहित उपचार मिळतात. धडक देणाऱ्या वाहनाला विमा असेल तर हा खर्च विमा कंपन्यांच्या अंशदानातून आणि नसेल तर केंद्राच्या अर्थसंकल्पातून भागवला जातो. म्हणजे विमा न काढणाऱ्याच्या वाट्याचा भार येथे करदात्याने उचलला आहे.

उपचारांनंतरची स्थिती अधिक विसंगत आहे. धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही तर १ एप्रिल २०२२ पासून मृताच्या वारसांना दोन लाख आणि गंभीर जखमीला ५०,००० रुपये मिळतात. वाहन सापडले, त्याचा मालक कोण हे कळले, पण त्याला विमा नाही असे निघाले, तर ही तरतूद लागू होत नाही. कलम १६४ खाली दोष सिद्ध न करता पाच लाख रुपये मागता येतात, पण तेही त्या मालकाकडूनच. अशा वेळी पीडिताच्या हाती खात्रीने उरते ती एकच वस्तू : अपघातात जप्त झालेले वाहन. विमा नसलेले असे वाहन मालकाला परत न देता तीन महिन्यांनंतर लिलावात विकून रक्कम न्यायाधिकरणाकडे जमा करावी, यासाठी सर्व राज्यांनी नियम करावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये दिला. भनपुरीच्या काल्पनिक दाव्यात ती वस्तू म्हणजे एक मोडकी, पाच-सात वर्षे जुनी मोटारसायकल आहे. साडेअठरा लाखांच्या निवाड्यापोटी लिलावात तिचे जे काही हजार रुपये येतील, तेवढेच त्या कुटुंबाला मिळतील.